दारव्ह्याच्या वाड्यातली पोस्टकार्डे: विकण्यापूर्वी काय पाहावे

दारव्हा तालुक्यातील एका गावातून आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. जुना वाडा उतरवताना देवघराशेजारच्या फडताळात तारेच्या आकड्याला ओवलेला पोस्टकार्डांचा मोठा गठ्ठा सापडला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काही चित्रांची कार्डे निघाली. जुन्या वस्तू विकत घेत गावोगाव फिरणाऱ्या एका गृहस्थांनी चित्रांच्या कार्डांना एकरकमी पैसे देऊ केले आहेत. लिहिलेल्या कार्डांबद्दल मात्र त्यांचे म्हणणे असे, की तिकिटाचे कोपरे कापून द्यावेत आणि उरलेले रद्दीत घालावे. घरच्यांचा आग्रह सगळे लॅमिनेट करून घेण्याचा आहे. या कार्डांची किंमत किती होईल आणि यांतला कोणता सल्ला ऐकावा, असे आपण विचारले आहे.

मी वर्धा जिल्ह्यात राहतो. पोस्टकार्डे आणि टपालाचे जुने कागद जमवण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले आहे, आणि घरात निघालेल्या अशा गठ्ठ्यांची छाननी करून देण्यासाठी लोक मला अधूनमधून बोलावतात. माझ्या मते आपल्या हाती दोन निरनिराळ्या प्रकारचा ऐवज आहे आणि त्यांना एकच माप लावले जात आहे. चित्रांच्या कार्डांना ठरलेला बाजार आहे, कारण तीच कार्डे मोठ्या संख्येने छापली गेली, आणि विकणारे व घेणारे दोघेही ती ओळखतात. तारेवरच्या साध्या सरकारी कार्डांना सुटेपणी फारसा बाजार नाही. परंतु एका गावातल्या एका घराला कित्येक वर्षे आलेली पत्रे, तीही ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, जगात दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. त्या गृहस्थांनी ज्याला रद्दी म्हटले तोच भाग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि ते मोल गठ्ठा एकत्र राहिला तरच टिकते.

अर्थात, कार्डे कोणत्या काळातली आहेत, शाई किती शाबूत आहे, शिक्के वाचता येतात का आणि लिहिणारे कोण होते, यांवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. न पाहता मी आकडा सांगणार नाही, आणि न पाहता आकडा सांगणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये.

सर्वांत आधी त्या तारेविषयी. आपल्याकडच्या घरांत आणि दुकानांत पत्र वाचून झाले, की ते तारेच्या टोकावर टोचून खाली सरकवण्याची पद्धत होती. त्यामुळे तळाला सर्वांत जुने आणि वरती सर्वांत नवे कार्ड, असा क्रम आपोआप लागत गेला. ज्या कार्डावर तारीख पुसट झाली आहे किंवा मुळातच घातलेली नाही, त्याचा काळ वरच्या आणि खालच्या कार्डावरून ठरवता येतो. हा पुरावा एकदा विसकटला की पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून कार्डे एकेक करून ओढून काढू नयेत. गंजलेल्या तारेवरून कार्ड ओढले, की मधले भोक फाटत जाते. तारेचे वरचे वळण पक्कडीने कापावे, गठ्ठा आडवा धरून तार खालच्या बाजूने हळूच सरकवून काढावी, आणि कार्डे सुटी होताच प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा. बॉलपेन वापरू नये, आणि चिकटपट्टीचे लेबल तर मुळीच लावू नये. मधले भोक हा दोष समजून ते बुजवण्याच्याही भानगडीत पडू नये. हे कार्ड खरोखर एका घरात येऊन वाचले गेले, याची ती खूण आहे.

पोस्टकार्ड ही वस्तू मुळात कशासाठी निघाली, हे लक्षात घेतले तर साध्या कार्डांचे महत्त्व नीट कळते. १८६९ साली इमानुएल हेरमान या ऑस्ट्रियन अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी व्हिएन्नातील एका वृत्तपत्रात असे मांडले, की चार ओळींच्या निरोपासाठी कागद, लिफाफा आणि पूर्ण टपालहशील यांवर खर्च करणे अनाठायी आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातले पहिले सरकारी पोस्टकार्ड काढले. त्याआधी १८६५ मध्ये हाइनरिश फॉन श्टेफान या जर्मन टपाल अधिकाऱ्याने अशीच कल्पना सुचवली होती. पण निरोप उघडा जाणार, वाटेत कोणीही वाचणार, या शंकेने ती तेव्हा मागे पडली. ब्रिटनने १८७० मध्ये कार्ड सुरू केले आणि हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या त्या कार्डावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता, देशांतर्गत किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती, आणि या बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी सूचना इंग्रजीत छापलेली होती. मजकूर सारा मागच्या बाजूला.

उघड्या निरोपाची जी भीती युरोपात वाटली, ती आपल्याकडच्या खेड्यांत फारशी आड आली नाही. लिहिता-वाचता येणारी माणसे इतकी थोडी होती, की पत्र लिहून घेणे आणि वाचून घेणे हे बहुतेक घरांत तिसऱ्याच माणसाकडून होत असे: शाळेचे मास्तर, पाटील, पोस्टमन किंवा शहरात शिकायला गेलेला एखादा पोरगा. कार्डावरचे हस्ताक्षर आणि खालचे नाव एकाच व्यक्तीचे असेल असे म्हणूनच गृहीत धरू नये. एकाच गावाहून निरनिराळ्या नावांनी आलेली कार्डे एकाच वळणाच्या अक्षरात दिसली, तर ते त्या गावच्या लेखनिकाचे अक्षर समजावे. मला स्वतःला अशी अक्षरे ओळखण्यात चित्रांपेक्षा अधिक गोडी वाटते, पण हा आवडीचा भाग झाला.

आता काळ ठरवण्याकडे वळू, कारण किंमत असो वा इतिहास, दोन्हींची सुरुवात तेथूनच होते. पहिली खूण म्हणजे कार्डावर छापलेले तिकीट. व्हिक्टोरिया राणीनंतर १९०१ पासून सातवा एडवर्ड, १९१० पासून पाचवा जॉर्ज आणि १९३६ च्या अखेरीपासून सहावा जॉर्ज गादीवर होते. मात्र राजा बदलला म्हणून जुना साठा कोणी जाळून टाकला नाही. आधीच्या राजाची कार्डे नंतर कितीतरी दिवस वापरली जात, तेव्हा मुखवट्यावरून ‘याआधीचे नसावे’ एवढेच सांगता येते. स्वातंत्र्यानंतरही सहाव्या जॉर्जची कार्डे चालूच होती. घारापुरीची त्रिमूर्ती असलेले स्वतंत्र भारताचे कार्ड १९४९ च्या डिसेंबरमध्ये आले. गठ्ठ्याच्या वरच्या भागात १५ पैशांचे वाघाचे कार्ड सापडले, तर तो गठ्ठा सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत किंवा त्याही पुढे चालला, असे समजावे.

दुसरी खूण दराची. १८७९ पासून १९२२ पर्यंत पाव आण्याचा दर टिकला, १९२२ मध्ये तो अर्धा आणा झाला, तिशीच्या दशकात पाऊण आण्यावर गेला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आल्यावर ५ नये पैसे झाला. यातला १९२२ चा बदल आपल्यासारख्यांना फार उपयोगी पडतो. दर दुप्पट झाला तेव्हा घरोघरी पाव आण्याची कोरी कार्डे पडून होती, आणि लोक छापील तिकिटाशेजारी पाव आण्याचे आणखी एक तिकीट चिकटवून ती पाठवू लागले. ज्याने तिकीट लावले नाही त्याचे कार्ड बैरंग झाले, आणि घेणाऱ्याला कमी पडलेल्या रकमेची दुप्पट भरावी लागली. त्याचा शिक्का कार्डावर उमटलेला असतो. पाचव्या जॉर्जच्या पाव आण्याच्या कार्डावर असे जोडतिकीट दिसले, की ते त्या संक्रमणाच्या काळातले आहे हे जवळजवळ निश्चित होते. कोपरा कापून घेणाऱ्याच्या हाती दोन सामान्य तिकिटे लागतात. ती एकत्र का आली, हे सांगणारे कार्ड मात्र रद्दीत जाते.

कोपरे कापण्याचा सल्ला का धुडकावावा, याचे मुख्य कारण हेच आहे. पूर्वी तिकिटे जमवणारे लोक छापील तिकिटे चौकोनी कापून वह्यांत चिकटवत आणि त्या पद्धतीचे अवशेष अजूनही बाजारात दिसतात. आज टपाल-इतिहासाचा अभ्यास करणारे संग्राहक अखंड कार्डच मागतात, कारण त्यांना तिकिटापेक्षा शिक्का, दर, मार्ग आणि लागलेला वेळ यांत रस असतो. पाव आण्याच्या वापरलेल्या कार्डाचा नुसता कोपरा अतिशय सर्वसामान्य वस्तू आहे. तोच कोपरा एखाद्या छोट्या शाखा टपाल कार्यालयाच्या स्पष्ट शिक्क्यासह अखंड कार्डावर असेल, तर त्याच्यासाठी वाट पाहणारे लोक आहेत.

शिक्के साधारण दोन असतात: एक पाठवणाऱ्या कार्यालयाचा आणि दुसरा पोहोचल्याचा. दोन्हींच्या तारखा लिहून काढल्या, की अमरावतीहून किंवा नागपूरहून आपल्या गावी कार्ड किती दिवसांत येत असे हे कळते आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आले म्हणजे ते किती रखडे, हेही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खेड्यांत कार्यालय चालेल की नाही हे पाहण्यासाठी प्रायोगिक टपाल कार्यालये उघडली जात आणि त्यांच्या शिक्क्यात गावाच्या नावाऐवजी इंग्रजीत ‘एक्सपेरिमेंटल पी. ओ.’ ही अक्षरे व एक क्रमांक असे. असा शिक्का आपल्या गठ्ठ्याच्या तळाला सापडला, तर ते कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि कोणालाही देण्याआधी जाणकाराला दाखवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कार्डावर सेन्सॉरचा शिक्का असेल तर त्याचीही नोंद करावी.

पत्त्यातली गावांची आणि जिल्ह्यांची नावेही बोलतात. आपला यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत इंग्रजी दप्तरात ‘वून’, म्हणजे वणी या नावाने ओळखला जात होता, आणि पुसद तेव्हा बासीम, म्हणजे वाशीम जिल्ह्यात मोडत होते. एलिचपूर, म्हणजे अचलपूर जिल्हाही त्याच वर्षी अमरावतीत विलीन झाला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असले तरी नावाने निजामाचेच होते, आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले. त्यामुळे पत्त्याखाली नुसते ‘वऱ्हाड’, ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्यप्रांत आणि वऱ्हाड), ‘मध्यप्रदेश’, ‘मुंबई राज्य’ की ‘महाराष्ट्र’, यावरून काळाचे पट्टे पाडता येतात. विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. लोक जुन्या सवयीने जुनेच नाव लिहीत राहतात, हे येथेही ध्यानात ठेवावे. सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने तो आखला. तेव्हा ४४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, की त्यामागे जाण्याचे कारण उरत नाही.

आमच्या जिल्ह्यातले एक उदाहरण देतो, कारण त्याचा उपयोग आपल्याला होऊ शकतो. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावी राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव रेल्वेवरचे आणि प्रसिद्ध असल्यामुळे दोन्हींच्या टपालात घोटाळा होऊ लागला, आणि १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. वऱ्हाडातल्या राष्ट्रीय चळवळीतल्या घरांत ‘सेगाव, वर्धा’ असा पत्ता असलेली कार्डे निघतात. ती त्या चार वर्षांतली असण्याची शक्यता फार मोठी. मात्र अशा कार्डावर मोठ्या माणसाची सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. आश्रमातून जाणारी पुष्कळ पत्रे सहकाऱ्यांच्या हातची असत, आणि बाजारात बनावट सह्यांचाही सुळसुळाट आहे. सही खरी की खोटी, हे सांगण्याचे काम हस्ताक्षरांच्या जाणकारांचे आहे, माझे नाही.

मजकुरातली तारीख वाचताना बरेच जण अडखळतात. मराठी घरांतल्या पत्रांत ‘मिती’ घालून तिथी आणि शक लिहिलेला असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. शके १८४२ च्या आषाढातले पत्र म्हणजे १९२० चे, आणि त्याच शकातल्या माघातले १९२१ चे. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांच्या कार्डांवर विक्रम संवत असतो. त्यातून साधारण ५७ वजा करावेत, मात्र वर्षारंभ चैत्राचा की दिवाळीचा यावर एका वर्षाचा फरक पडतो, म्हणून तेथे टपालाच्या शिक्क्याचाच शब्द अखेरचा मानावा. कारंज्यात १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि दारव्ह्याकडचा माल तिकडे जात असे. आपल्या घरी शेती मोठी होती असे आपण लिहिले आहे, तेव्हा अडत्यांनी पाठवलेली, रुईचे आणि सरकीचे भाव कळवणारी कार्डे गठ्ठ्यात असावीत असा माझा अंदाज आहे. त्यांत खुशालीचा एक शब्द नसतो आणि म्हणून घरचे लोक ती आधी टाकून देतात. शेतीचा इतिहास लिहिणाऱ्याला दिवसागणिक भाव सांगणारा इतका थेट कागद क्वचितच मिळतो.

गठ्ठ्यात काय नाही, याकडेही लक्ष द्यावे. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत, आणि ते वाचून झाले की फाडून टाकत. घरात ठेवत नसत. त्यामुळे चांगल्या भरलेल्या तारेवरही अशुभाची कार्डे जवळजवळ सापडत नाहीत. घरातल्या किंवा नात्यातल्या मृत्यूंचा माग दुखवट्याच्या उत्तरांवरून आणि ‘तेरवीस येणे जमले नाही’ अशा ओळींवरून काढावा लागतो. अशी एखादी फाटलेल्या कोपऱ्याची चिठी अर्धवट टिकून राहिलेली आढळली, तर ती दुर्मीळ समजावी. लग्नाच्या कार्डांचे याच्या उलट आहे. हळद-कुंकू लावलेली ती कार्डे लोकांनी जपून ठेवली आणि म्हणूनच ती सर्वत्र दिसतात.

मोडी लिपीतली कार्डे वेगळी काढू नयेत. आहेत त्या क्रमातच ठेवून त्यांची फक्त यादी करावी. ती वाचून देणारी माणसे नागपूर, अमरावती भागांत अजून आहेत, आणि सगळी वाचून घेण्याआधी चार-दोन वाचून घेतली म्हणजे पुढचा खर्च करावा की नाही हे ठरवता येते.

आता डब्यातल्या चित्रांच्या कार्डांकडे येतो. यांची पहिली तपासणी मागच्या बाजूने करावी. मागची बाजू अखंड असून तेथे फक्त पत्ता असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला किंवा चित्रावरच कोंबून लिहिला असेल, तर कार्ड जुन्या पद्धतीचे आहे. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू मध्यरेषेने विभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची परवानगी दिली, इतर देशांनी पुढच्या काही वर्षांत, अमेरिकेने १९०७ मध्ये, आणि त्यानंतर सगळीकडे तीच रीत रुळली. छपाई कोठली, हे बारीक अक्षरांत खाली असते. त्या काळी रंगीत छपाईत जर्मनी सर्वांत पुढे होती, त्यामुळे मुंबई-कलकत्त्याच्या प्रकाशकांची हिंदुस्थानी दृश्येसुद्धा सॅक्सनी आणि बव्हेरियात छापून येत. १९१४ च्या युद्धाने हा व्यापार थांबला. मुंबईची क्लिफ्टन, कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन, लंडनची राफाएल टक ही नावे आपल्याला बहुधा दिसतील. टकचे लंडनमधले कार्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि मूळ चित्रे व नोंदी नष्ट झाल्या. त्यांच्या कार्डांची सूची आज संग्राहकांच्या हातांतल्या कार्डांवरून जुळवावी लागते, ती यामुळे. देवादिकांची रंगीत कार्डे असतील तर राजा रविवर्मांच्या छापखान्याचे नाव पाहावे. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला.

त्यानंतर भिंग घ्यावे. सोनार वापरतात ते चालते. चित्रात ठरावीक ओळींत मांडलेले ठिपके दिसले, तर ते हाफटोन छपाईचे, म्हणजे बहुसंख्येने निघालेले कार्ड आहे. ठिपक्यांऐवजी बारीक सुरकुत्यांसारखा अनियमित पोत दिसला, तर ते कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून छापलेले कार्ड. भिंगाखालीही ठिपका किंवा पोत काहीच दिसत नसेल आणि गडद भागाच्या कडांना तिरप्या उजेडात निळसर चांदीची झाक येत असेल, तर ते खरे छायाचित्र आहे, मागे ‘पोस्ट कार्ड’ असे छापलेल्या कागदावर उतरवलेले. असे कार्ड हाती लागले तर विक्रीचा विचार थांबवावा. अमरावती, अकोला, नागपूरच्या स्टुडिओंत लोक आपले फोटो याच आकाराच्या कागदावर काढून घेत आणि त्यांच्या मोजक्याच प्रती निघत. तो अनोळखी तरुण आपल्याच घरातला असण्याचा संभव बराच आहे. ताजमहालाचे किंवा मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे कार्ड कितीही सुंदर असले तरी पुष्कळांकडे आहे. चिखलदरा, गाविलगड, रामटेक, जिनिंगचे कारखाने, आठवडी बाजार अशी वैदर्भीय दृश्ये कमी छापली गेली, आणि जी छापली गेली त्यांतली बरीच कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांनी विलायतेला धाडली, म्हणून ती आपल्यापेक्षा तिकडच्या बाजारात अधिक दिसतात.

म्हणजे व्यवहारापुरते असे धरावे, की चित्रांची किंमत विषय, छपाई आणि कोपऱ्यांची स्थिती यांवर ठरते, साध्या कार्डांची शिक्का आणि संदर्भ यांवर, आणि छायाचित्रांची ती कोणाची आहेत हे कळण्यावर. त्या गृहस्थांनी सगळ्या चित्रांना मिळून एक रक्कम सांगितली आहे, याचा अर्थ त्यांतल्या दोन-तीन कार्डांवर त्यांची नजर आहे, असा मी घेईन. यात त्यांचा दोष नाही, व्यापार असाच चालतो. परंतु आपण कार्डागणिक दर मागावा. ज्या कार्डांना ते दर सांगायला टाळाटाळ करतील, तीच आधी दुसरीकडे दाखवावीत. नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेली ब्युरो, म्हणजे तिकीट-संग्राहकांसाठीचा विभाग आहे. तेथे कोणी किंमत ठरवून देणार नाही, पण संग्राहक तेथे येत-जात असतात आणि टपाल तिकिटांची प्रदर्शने केव्हा आहेत हे कळते. प्रदर्शनात बसलेल्या तीन विक्रेत्यांना तेच कार्ड दाखवले, की बाजार कोठे आहे याचा अंदाज येतो.

लॅमिनेशनबद्दल माझे मत ठाम आहे: करू नये. उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. आतला आम्लयुक्त कागद मात्र पिवळा पडतच राहतो. शिवाय जुन्या पत्रांत कॉपिंग पेन्सिल फार वापरलेली असते. ती कोरडी असताना करडी दिसते, ओलावा लागला की जांभळी होऊन पसरते. याच कारणाने ओल्या फडक्याने कार्ड पुसणेही टाळावे. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडणे पुरेसे आहे. चिकट पानांचे फोटो अल्बमही नकोत. नव्या रेक्झिनसारखा वास येणारी मऊ प्लॅस्टिकची पाकिटे पीव्हीसीची असतात आणि ती कालांतराने शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची वासरहित पाकिटे घ्यावीत, आणि ती मिळेपर्यंत साध्या, न छापलेल्या पांढऱ्या कागदाच्या घड्या चालतील.

आपल्याकडचे हवामान हा यातला सर्वांत मोठा शत्रू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाच्या छताखालच्या माळ्यावर लोखंडी संदुकीत ठेवलेला कागद पापडासारखा कडक होतो, आणि जुलैत तोच ओल धरतो. कार्डे घरातल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवावीत. वाळवीसाठी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पेटी उघडून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळलेला आणि कापडात बांधलेला असावा, कारण ओला पाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत.

विकण्याचे ठरलेच, तर दोन गोष्टी तपासाव्यात. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेल्या पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना व दस्तऐवजांना निर्यातीची बंधने आहेत; परदेशी ग्राहकाला परस्पर कुरिअरने धाडण्याआधी याची चौकशी करावी. दुसरे असे, की कार्ड आपल्या मालकीचे असले तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. घरगुती भांडणे, उसनवारी, सोयरिकी मोडल्याच्या गोष्टी त्यांत असतात, आणि ती कुटुंबे अजून त्याच पंचक्रोशीत राहत आहेत. कार्डांचे फोटो सगळ्यांना पाठवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ती एकदा वाचून घ्यावीत. त्यांना नावांची नातीही सांगता येतील, आणि ती माहिती कार्डावर न लिहिता वेगळ्या वहीत क्रमांकासह टिपून ठेवावी.

घरात ठेवणे अवघड वाटत असेल तर तारेवरचा गठ्ठा अखंड स्वरूपात नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेला दाखवता येईल. देण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन करून घ्यावे आणि पोच लेखी घ्यावी. त्या खरेदीदार गृहस्थांना तूर्त एवढेच कळवावे, की यादी पूर्ण झाल्याशिवाय काही द्यायचे नाही. गठ्ठ्याच्या तळाच्या दहा-बारा कार्डांचे आणि सर्व चित्रकार्डांच्या मागच्या बाजूंचे फोटो दिवसाच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून पाठवले, तर शिक्के आणि छापखान्यांची नावे मी वाचून देईन.